निळ्या दाराचा फाटा

व्हॅनचं मागचं दार उघडं दिसलं की रस्त्यानं जाणारं कुणी ना कुणी आत डोकावायचंच. आत अंधार, एक खुर्ची, खुर्चीसमोर पडदा, आणि पडद्याला डोळे लावून बसलेला एक पन्नाशीचा माणूस. "काय लागलंय?" असं विचारल्याशिवाय लोकांना पुढे जाववत नसे. मॅच असेल, निदान एखादा जुना सिनेमा तरी असेल, या आशेनं ते मान लांब करायचे आणि पडद्यावर गटाराचं पोट बघून नाक मुरडत निघून जायचे. पडद्यातून वास येत नाही हे ठाऊक असूनही मुरडायचे. म्हणून कामाच्या टोळीनं त्याचं नाव टीव्हीवाला पाडलं होतं. ते इतकं मुरलं होतं की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तो आधी मागे वळून दुसरा कोण आहे ते बघायचा.

त्याचं काम तसं सांगायला सोपं. रस्त्याच्या पोटातून पावसाचं आणि मोऱ्यांचं पाणी वाहून नेणारे सिमेंटचे पाईप असतात. वरून वर्षानुवर्षं ट्रक जातात, पाईप तडकतात, सांधे सुटतात, झाडांची मुळं आत शिरतात, आणि एक दिवस रस्ताच खचतो. पूर्वी सगळं उकरून पाईप बदलायचे. धूळ, दुकानदारांच्या शिव्या, आणि खड्ड्यात गेलेली एखादी स्कूटर. आता उकरत नाहीत. प्लास्टिकचं मऊ, लांबलचक अस्तर रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवून मॅनहोलातून आत सोडतात, पाण्याच्या दाबानं ते फुगून जुन्या पाईपला आतून चिकटतं, मग त्यात कढत पाणी खेळवत ठेवतात. काही तासांत अस्तर टणक होतं आणि जुन्या पाईपच्या आत नवा पाईप तयार. कोटाला शिंपी लावतो तसंच अस्तर, फक्त इथे कोट फाटका असला तरी चालतो.

यात एकच गोम आहे. मोठ्या पाईपला दोन्ही अंगांनी घरांचे, दुकानांचे, रस्त्यावरच्या जाळ्यांचे बारके पाईप येऊन मिळतात. टोळीच्या बोलण्यात ते फाटे. अस्तर बसलं की सगळे फाटे सरसकट बंद होतात, कारण कोणाचं पाणी कुठून येतं हे अस्तराला काय कळणार! मग टीव्हीवाला चाकांवरचा कॅमेरा आणि त्याच्या तोंडाशी लावलेला कटर आत सोडतो, आणि वर व्हॅनमध्ये बसून, हातातल्या दांडीनं, प्रत्येक फाट्यापाशी अस्तर गोल कापून पाण्याला वाट करून देतो. जागा सापडायला त्रास नसतो. फाट्याच्या तोंडावर अस्तराला गालावर पडते तशी खळी पडते.

मात्र जो फाटा वापरात नाही तो उघडायचा नाही, असा नियम. उघडला तर त्यातून माती येते, मुळं येतात, आणि केलेल्या कामाची माती होते. म्हणून अस्तर घालण्याआधी एकदा नुसता कॅमेरा फिरवायचा. मुकादम शेजारी बसतो आणि फाटा दिसला की विचारतो, "चालू की बंद?" टीव्हीवाला सांगेल ते शेवटचं. इतक्या वर्षांत त्याचं म्हणणं कधी खोटं ठरलं नव्हतं, आणि मुकादमाला त्याचा अभिमान होता, जणू ते डोळे त्यानंच विकत आणून दिले होते.

टीव्हीवाल्याची बायको थंडीत गेली. आजारपण म्हणावं इतकंही आजारपण झालं नाही. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि नेली तशी ती परत आलीच नाही. मूलबाळ नव्हतं. लोक आले, बसले, चहा पिऊन गेले. टीव्हीवाला केव्हा रडतो याची सगळे वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर तोही बघत होता. रडू आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तो कामावर आला, खुर्चीत बसला आणि पडदा चालू केला.

तेव्हापासून त्याचं सगळं रीतसर चाललं होतं. उठायचा, दाढी करायचा, कामावर जायचा, परत येऊन ओट्यापाशी उभ्यानंच काहीतरी खायचा. काय खाल्लं असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. टोळीतल्या विनोदांना हसायचा, आणि बरोबर जागी हसायचा. पण शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून ऐकू यावा तसं सगळं त्याच्यापर्यंत पोचायचं. मध्यंतरी दाढ किडली म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी इंजेक्शन दिलं, चिमटा लावला आणि विचारलं, "दुखतंय का?" त्यानं खरोखर विचार केला, मग म्हणाला, "माहीत नाही." बाईंनी हात थांबवला आणि तोंडात बघायचं सोडून त्याच्या डोळ्यांत बघितलं. संध्याकाळपर्यंत बधिरपणा उतरेल, म्हणाल्या. दाढ गेली त्याला आता बरेच आठवडे झाले होते. बधिरपणा उतरला असं काही त्याला वाटलं नव्हतं.

त्याच्याकडे हक्कानं काही मागू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची सासू. नवरा कधीच गेलेला, एकुलती एक लेक, ती आता गेलेली. लेकीचं क्रियाकर्म आटोपल्यावर दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली होती, "येत जा." तो "हो" म्हणाला होता आणि गेला नव्हता. आधी जिवावर आलं. मग इतके दिवस गेलो नाही याची लाज वाटली. मग लाजही वाटेनाशी झाली. याचं तरी वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं.

आणि उन्हाळा सरता सरता टोळीला काम मिळालं ते नेमकं तिच्या गल्लीतलं. टोळीत कुणालाच ठाऊक नव्हतं की इथे याची सासू राहते. यानं मूग गिळले.

पहिल्या दिवशी कॅमेरा आत सोडला. मुकादम शेजारच्या स्टुलावर बसला होता. ढेरपोट्या, दिलदार, जिभेला हाड नसलेला माणूस. गप्प बसला तर आजारी असेल अशी शंका यावी.

"चालू की बंद?"

"चालू. ओला आहे."

"हा?"

"जाळी. चालू."

"हा बघ, कुणीतरी भांडी घासतंय. फेस आला. काय हो ताई, साबण जरा कमी!" मुकादम पडद्याला म्हणाला.

कॅमेरा पुढे सरकला. डाव्या अंगाला आणखी एक फाटा दिसला. तोंडापर्यंत कोरडी, बारीक धूळ आणि वाळकी पानं भरलेली. तोंडावर कोळ्याचं जाळं. जाळ्यात कोळीही नव्हता. त्यानंसुद्धा बिऱ्हाड हलवलं होतं. फाट्याच्या भोवती सिमेंटचा एक वेडावाकडा लपका होता, शिकाऊ हातानं लावलेला, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. आपलं अक्षर माणूस ओळखतो तसा टीव्हीवाल्यानं तो ओळखला. तो लपका त्यानंच लावला होता.

तेव्हा तो टीव्हीवाला नव्हता. चोवीस-पंचवीस वर्षांचा, कुदळ-फावडं मारणारा मजूर होता, आणि हाच पाईप याच गल्लीत टाकायला आला होता. निळ्या दाराच्या घरातली मुलगी रोज अंगणात उभी राहून खड्ड्यात बघायची. एकदा तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखून वर आला तेव्हा ती इतकी हसली की तिच्या आईनं आतून ओरडून विचारलं, काय झालं. काय व्हायचं ते झालंच होतं. आईला हा जावई पसंत नव्हता. "गटारातून वर आलेला मुलगा माझ्या घरात नको," असं ती स्पष्ट म्हणाली. पण त्या घराचं एक दुखणं होतं. अंगण उतरतं, आणि उताराच्या टोकाला अर्धी जमिनीखाली गेलेली एक खोली, मुलीची. जोराचा पाऊस झाला की अंगणाचं सगळं पाणी त्या खोलीत उतरायचं आणि खाटेचे पाय बुडायचे. यानं एका सुट्टीच्या दिवशी येऊन, कुणाला न विचारता, अंगणात जाळी बसवली आणि तिथून रस्त्याच्या पाईपापर्यंत फाटा काढून दिला. त्यानंतर खोलीत थेंब आला नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं. सासू आयुष्यभर सांगत राहिली, "मुलगी मागायला लोक पेढे घेऊन येतात, हे पाईप घेऊन आले."

"अरे, चालू की बंद?" मुकादमानं कोपर मारलं.

चालू म्हणावं तर कशावरून म्हणतोस हे सांगावं लागलं असतं. मग दार ठोठावून विचारावं लागलं असतं. दार उघडलं असतं. पडद्यावर जे दिसत होतं ते तर शंभर टक्के कोरडं होतं.

"बंद," टीव्हीवाला म्हणाला.

मुकादमानं "बंद" असं म्हणून पुढे चल अशी खूण केली. इतकंच झालं. द्वेष नाही, राग नाही, तिच्याशी याचं कधी काही वाकडं नव्हतं. तोंडातून शब्द गेला आणि कॅमेरा पुढे गेला.

दुपारी बॉयलरताई गल्लीतून फिरून आली. कढत पाण्याची भट्टी ती सांभाळायची. काटकुळी, चटपटीत बाई, सगळ्यांना दादा म्हणून वाकवणारी. अस्तर घालायच्या आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगायचं कामही तिचंच. रेझिनचा उग्र दर्प फाट्यांतून घरात शिरतो. जाळीत, मोरीत बादलीभर पाणी ओतून ठेवलं की खालचा वाकडा नळ भरतो आणि दर्प अडतो. तेवढं एक प्रत्येकाला पटवायचं.

"सगळे ऐकतात हो," चहा ओतता ओतता ती म्हणाली, "पण त्या निळ्या दाराची आजी एक नमुना आहे. म्हणे, अंगण मी रोज धुवायचे, सवय होती. थंडीपासून पाणी मारलेलं नाही. आता कोण येतंय पाय मळवायला? म्हटलं, आजी, एक बादली ओता, नाहीतर वास येईल. तर म्हणते, येऊ दे, मला आजकाल वास येत नाही."

"एकटी राहते?" मुकादमानं विचारलं.

"एकटी. आणि झोपते कुठे तर खाली, त्या बुटक्या खोलीत. लेकीची खोली होती म्हणे. वरची चांगली हवेशीर खोली सोडून तिथे खाट टाकलीय."

"मग पावसात खाटेची होडी करायला सांग तिला," मुकादम म्हणाला. सगळे हसले. टीव्हीवालाही हसला, बरोबर जागी.

पण आता त्याला सगळं माहीत झालं होतं. फाटा कोरडा होता तो बंद पडल्यामुळे नव्हे, अंगण धुवायचं कारण संपल्यामुळे. उद्या अस्तर बसेल, फाट्याचं तोंड लिंपलं जाईल, आणि पहिल्या मोठ्या सरीला अंगणाचं पाणी जुन्या वाटेनं त्या खोलीत उतरेल. म्हातारी तिथे झोपलेली असेल. हे त्यानं मनात नीट, क्रमानं मांडलं. आता उठून मुकादमाला सांगावं असंही मांडलं. मग कप विसळून ठेवला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी अस्तर गेलं. सगळं छान झालं, नेहमीपेक्षाही छान. बॉयलर दिवसभर धडधडत होता, मॅनहोलातून वाफ येत होती, गल्लीत रंगाच्या दुकानासारखा दर्प पसरला होता आणि लोक खिडक्या लावून आतून शिव्या देत होते. निळं दार बंदच होतं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा पडदा एकदा हलल्यासारखा वाटला. टीव्हीवाल्यानं तिकडे पाठ केली.

तिसऱ्या दिवशी कापायचं काम. आतून पाईप आता दुधासारखा पांढरा दिसत होता, छताला आणि भिंतींना दमट हवेचे थेंब लटकलेले. खळी दिसली की टीव्हीवाला कटर टेकवायचा, पांढरा भुसा उडायचा, आणि एक काळं गोल भोक उघडायचं. भांडीवाल्या ताईचा फाटा उघडला, जाळ्या उघडल्या. मग डाव्या अंगाला ती जागा आली. तिथे खळीसुद्धा नव्हती. धूळ तोंडापर्यंत भरलेली असल्यामुळे अस्तर सपाट बसलं होतं. इथे कधी काही येऊन मिळत होतं याची खूणही उरली नव्हती. कॅमेरा पुढे गेला.

चारच्या सुमाराला शेवटचा फाटा उघडून झाला. मुकादमानं आभाळाकडे बघितलं. पश्चिमेकडे काळं साचत होतं. "आवरा रे! वेळेत सुटलो. उद्या सकाळी व्हॅन पुढच्या गावाला, तिथे महिनाभर हलायचं नाही. टीव्हीवाला, काढ तुझं शेपूट."

टीव्हीवाल्यानं केबल मागे घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर पांढरी भिंत उलटी सरकू लागली. एक भोक, दुसरं भोक, मग सपाट भिंत. तिथे त्याचा हात थांबला. त्यानं थांबवला असं म्हणता येणार नाही. हात थांबला, आणि पुढे जाईना.

"काय रे?"

"इथे एक आहे."

मुकादमानं वाकून पाहिलं. "काही नाहीये तिथे."

"आहे. चालू आहे."

"तूच म्हणालास बंद!"

"म्हणालो."

"अरे, खळी नाही, काही नाही. कापणार कुठे? बोटभर चुकलास तर धडधाकट पाईपला भोक पाडून ठेवशील. सगळं अस्तर बाद. तुझ्यासाठी मी उद्या कुणाकुणाला तोंड देऊ? घर कुणाचं आहे ते?"

"निळ्या दाराचं," टीव्हीवाला म्हणाला. "माझ्या सासूचं."

मुकादमाचं तोंड उघडलं. तीन दिवस तिच्या दारापुढे बसून होतास, असं काहीतरी त्यात आलं होतं, आणि त्याच्यामागे ते होडीचंही आलं असावं. त्यानं तोंड मिटलं. "जा," तो म्हणाला. "मी थांबवतो सगळ्यांना."

दार ठोठावल्यावर आतून "कोण?" असं विचारलं गेलं. जावई म्हणावं तर ज्या लेकीमुळे तो जावई होता ती नव्हती. "मी," तो म्हणाला.

दार उघडलं. सासू बारीक झाली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पूर्वी चिखल घेऊन आत येऊ नये म्हणून बघायची, तसंच.

"आलात," ती म्हणाली. "गाडी दिसली होती वरच्या खिडकीतून. पहिल्याच दिवशी. म्हटलं, काम संपलं की येतील. संपलं काम?"

"एक राहिलंय."

"कोणतं?"

"तुमच्या अंगणाचा फाटा. तो बंद झालाय. मीच बंद आहे म्हणून सांगितलं होतं."

तिनं चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी कानामागे नीट बसवली. मग म्हणाली, "मग खोटं काय सांगितलंत? बंदच होता." आणि वळून आत चालू लागली, म्हणून तोही मागोमाग गेला. घर स्वच्छ होतं. खरं तर वापरलेलंच नव्हतं. अंगणात मात्र धुळीचा थर होता, त्यात तिच्या एकटीच्या चपलांची दारापासून खालच्या खोलीपर्यंत एक पायवाट पडलेली.

"लोक सांगतात रडा म्हणजे मोकळं वाटेल," ती पाठमोरीच म्हणाली. "शेजारीण तर रोज विचारायला येते, आलं का रडू, आलं का रडू. मला मेलीला येत नाही. तुम्हाला येतं?"

"नाही."

"मग बरं. मला वाटलं माझ्यातच काही खोट आहे."

खोट दोघांत होती की कुणातच नव्हती, हे त्याला ठरवता आलं नाही. तो जाळीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं जाळी उचलली. मग कामाचं बोलला, ते बोलायला सोपं होतं. खळी पडलेली नाही, त्यामुळे आतून जागा दिसत नाही. इथून लवचीक सळ्या घालून अस्तरापर्यंत पोचायचं आणि ठोकायचं. आत कॅमेऱ्याला कळेल.

"सळ्या आहेत," सासू म्हणाली. "तुमच्याच. फाटा काढलात तेव्हा इथेच राहिल्या. परत न्या, परत न्या म्हणून दर वेळी सांगायचे. तुम्हाला घरी जायची घाई." जिन्याखालून तिनं सळ्यांचा जुडगा ओढून काढला. कापडात गुंडाळलेला होता. पेचाला तेल लावून ठेवलेलं होतं. कुणी लावलं, हे त्यानं विचारलं नाही. त्या घरात असलं काम करणारी एकच होती, आणि ती समोर उभी होती.

त्यानं सळीला सळी जोडली. मुकादमाला हाक मारतो, तो ठोकेल, असं म्हणाला.

"मुकादम कशाला? मी ठोकते. तुम्ही जाऊन बघा काय बघायचंय ते." तिनं सळी हातातून घेतली. "फिरवत फिरवत आत घालायची आणि अडली की ठोकायची, एवढंच ना? तुमच्यासारखं शिकायला मला वीस वर्षं नकोत."

बॉयलरताई अंगणाच्या फाटकात निरोप द्यायला उभी राहिली. टीव्हीवाला व्हॅनमध्ये आला, खुर्चीत बसला. मुकादम स्टुलावर.

पडद्यावर पांढरी भिंत होती आणि भिंतीवर थेंब. काहीही होत नव्हतं. फाटकातून बॉयलरताईचा आवाज आला, "घालतायत अजून! माती लागतेय म्हणे!" पुन्हा काही नाही. मुकादमानं एक पाय हलवायला सुरुवात केली, मग थांबवला.

मग भिंतीवरचा एक थेंब हलला.

त्याच्या शेजारचाही हलला. इतर सगळे जागच्या जागी होते. फक्त वाडग्याच्या तोंडाएवढ्या एका गोलात थेंब थरथरत होते, एकमेकांत मिसळत होते आणि ओघळत होते. थांबत होते, पुन्हा थरथरत होते. कुणीतरी तिकडून ठोकत होतं.

"सापडलं!" मुकादम ओरडला. "सांग तिला, सळी मागे घे म्हणावं. काप!"

टीव्हीवाल्यानं दांडीला हात लावला नाही. थेंब पुन्हा हलले. ठोके एकसारखे नव्हते. दोन जोरात, मग दम खाल्ल्यासारखी जागा, मग एक हलका. थकलेली म्हातारी माणसं असंच ठोकतात. छातीच्या मधोमध कुठेतरी काहीतरी आलं आणि तिथेच राहिलं. मोठं होतं. बायको गेली. हे त्याला माहीत होतं, थंडीपासून माहीत होतं. आता ते दुखलं. इतकं दुखलं की तो पुढे वाकला आणि त्यानं दोन्ही हात पोटाशी धरले.

"अरे, काय झालं? दुखतंय का कुठे?" मुकादमानं त्याच्या खांद्याला धरलं.

"हो," टीव्हीवाला म्हणाला.

मुकादमानं पुढे काही विचारलं नाही. खांद्यावरचा हातही काढला नाही. पडद्यावर थेंब हलतच होते.

"दादा!" बॉयलरताईची हाक आली. "आजी विचारतायत, अजून किती ठोकू? हात भरून आलेत त्यांचे!"

थांबा म्हणून नुसतं ओरडून सांगता आलं असतं. तेवढ्यासाठीच बॉयलरताई फाटकात उभी होती. टीव्हीवाला उठला, व्हॅनमधून उतरला, फाटकातून आत गेला. सासू धुळीत फतकल मारून बसली होती. केस सुटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि दोन्ही हातांनी सळी धरून ती अजून ठोकत होती.

"पोचलं, आई. थांबा आता," तो म्हणाला.

तिनं वर बघितलं. त्याचा चेहरा बघून तिचे हात थांबले.

"कधीपासून ठोकतेय," ती म्हणाली. "मला वाटलं, पलीकडे कुणी नाहीच."

"होतो, आई," तो म्हणाला. "बघत होतो." आणि तिच्याशेजारी त्याच धुळीत बसला.

कापायला पुढे फार वेळ लागला नाही. कटर थेंबांच्या गोलात टेकला, भुसा उडाला, धुळीचा एक ढिगारा भसकन खाली आला आणि भोक उघडलं. बॉयलरताईनं "ओता!" म्हणून सांगितलं. पहिलं पाणी नुसता चिखल घेऊन आलं, त्यात वाळकी पानं. मग गढूळ आलं. मग नितळ यायला लागलं तरी बादलीमागून बादली येतच राहिली, आणि बाहेरून खराट्याचा आवाज यायला लागला. फाटा केव्हाच साफ झाला होता. मुकादम खाली उतरून बाकीच्यांना उगाचच काहीबाही कामं सांगत होता. आता पुरे म्हणून सांगायला टीव्हीवाल्यानं कुणाला पाठवलं नाही. दुखत होतं, आणि तो पडद्यासमोर बसून ते पाणी बघत होता.